चार दिवसांची रजा आणि वळवलेला फोन

माझ्याविषयी सध्या ऑफिसात आणि बिल्डिंगमध्ये जे काही बोललं जातंय ते साफ खोटं आहे, हे आधीच सांगून टाकतो. मी कंपनीचा फोन पळवला नाही. फक्त वळवला. आणि तोही कंपनीच्या भल्यासाठी वगैरे नव्हे, बायकोला समुद्र दाखवण्यासाठी. यात लपवण्यासारखं काय आहे?

लग्नाला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या काळात आम्ही दोघं मिळून नातेवाइकांच्या लग्नांना गेलो, दवाखान्यात गेलो, एकदा डुलकी लागल्यामुळे शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बस डेपोतही गेलो. पण नुसतं जायचं म्हणून कुठे गेलो नाही. यंदा बायकोने समुद्रकाठी एक खोली शोधली. खिडकीतून पाणी दिसतं अशी. गुरुवार ते रविवार. आणि दहा दिवस आधीच बॅग भरून मोकळी झाली. माझे बरे शर्ट सगळे त्या बॅगेत गेल्यामुळे मी दोनच शर्ट आलटून पालटून घालत होतो आणि रोज सकाळी दाढीचं सामान बॅगेतून काढून पुन्हा बॅगेत ठेवत होतो.

“या वेळी जर नाही म्हणालात ना,” ती म्हणाली, “तर मी एकटी जाईन. आणि परत यायचं की नाही ते तिथे गेल्यावर ठरवीन.”

ती हे हसत म्हणाली. हसत म्हणाली म्हणूनच मला घाम फुटला.

अडचण होती ती ऑफिसची. आमची कंपनी दुकानांची लोखंडी शटरं बनवते आणि बिघडली की दुरुस्तही करते. मी तिथे हेडक्लार्क. हेडक्लार्क म्हणजे जे काम दुसऱ्या कोणाचंच नाही ते करणारा. टेलिफोन ऑपरेटर बाई निवृत्त झाल्या तेव्हा मालक माझ्याकडे बघून “सध्या तुम्ही बघा” म्हणाले होते. त्या ‘सध्या’ला आता तीन वर्षं झाली. मालक स्वतः फोन उचलत नाहीत. मालकाने फोन उचलला की गिऱ्हाइकाला वाटतं कंपनीत दुसरं कोणी नाही, असं त्यांचं म्हणणं. रजेचा अर्ज घेऊन गेलो तर त्यांनी तो न वाचताच विचारलं, “आणि फोन कोण उचलणार?”

“साहेब, मीच उचलीन. आपल्या नवीन सिस्टिममध्ये ऑफिसचे फोन मोबाईलवर घेता येतात. कॉल फॉरवर्ड.”

हे वाक्य माझ्या तोंडून कसं गेलं देव जाणे. नवीन सिस्टिम म्हणजे जिन्याखाली भिंतीला ठोकलेला एक डबा. त्यावर हिरवे दिवे लुकलुकत. तो बसवला तेव्हा सिस्टिमवाल्यांच्या माणसाने बत्तीस सोयी मोजून दाखवल्या होत्या. त्यातली एकच आम्ही वर्षभर वापरत होतो, रिंगचा आवाज कमी करायची.

मालकांनी डोळे बारीक केले. “ठीक आहे. सोमवार ते बुधवार घरी बसून करून दाखवा. एकही फोन हुकला नाही तर गुरुवारी खुशाल जा. एक जरी हुकला तरी रजा रद्द. आणि लक्षात ठेवा, नव्या मार्केटच्या इमारतीचे खरेदी अधिकारी त्याच आठवड्यात फोन करणार आहेत. चाळीस शटरं आहेत. तो माणूस तीन रिंग थांबतो. चौथी वाजली की यादीतलं पुढचं नाव.”

मी ताबडतोब फोन सिस्टिमवाल्यांच्या सेवा केंद्राला फोन लावला. तिथल्या मुलीने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “सर, खात्री करण्यासाठी आम्ही तुमच्या नोंदणी केलेल्या नंबरवर फोन करतो, तो घ्या.”

“अहो, मी त्याच नंबरवरून बोलतोय.”

“हो सर. पण तो बिझी येतोय.”

“मी तुमच्याशी बोलतोय म्हणून बिझी येतोय!”

“मग सर, तो फोन मोकळा झाला की आम्हाला फोन करा.”

मी फोन ठेवून मोकळा करायचो, त्यांचा फोन यायचा नाही. मग मी विचारायला फोन लावायचो, की ते खात्री करायला फोन करायचे आणि बिझी यायचा. असं दोन दिवस चाललं. त्या मुलीला अखेर माझा आवाज पाठ झाला. “सर, तुम्हीच आहात याची माझी खात्री आहे, पण सिस्टिमची नाही,” असं ती म्हणाली, आणि त्यात तिची काही चूक नव्हती.

शेवटी एक तंत्रज्ञ पाठवला गेला. तो कधीही बोलावला तरी साडेतीनलाच येतो, म्हणून त्याला सगळे साडेतीन म्हणतात. साडेतीनने डब्याला लॅपटॉप लावला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “फक्त बाहेरून येणारे फोन वळवायचे, की आतले पण?”

आता आतले फोन म्हणजे काय हे मला खरोखर माहीत नव्हतं. पण बावीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने पंचविशीच्या पोराला विचारायचं, की बाबा रे, आतले म्हणजे कुठले? मी चष्मा पुसला आणि ठामपणे म्हणालो, “सर्व.”

सोमवारी सकाळी नऊ वाजता मी घरी डायनिंग टेबलावर रजिस्टर, पेन, पाण्याचा ग्लास आणि मोबाईल मांडून बसलो. नऊ वाजून दोन मिनिटांनी पहिला फोन आला. मी घसा साफ करून कंपनीचं नाव घेतलं.

“दोन चहा. एक बिनसाखरेचा,” पलीकडून मालक म्हणाले.

आतले म्हणजे हे होतं. मालकांनी चहासाठी पॅन्ट्रीचं बटण दाबलं की ते माझ्या घरी वाजत होतं. मी पॅन्ट्रीवाल्या मावशींच्या मोबाईलवर फोन करून दोन चहा सांगितले. मग गेटवरच्या पहारेकऱ्याचा फोन. ट्रक आलाय, सोडू का? मग पहिल्या मजल्यावरचा स्टोअरकीपर, त्याला दुसऱ्या मजल्यावरच्या हिशेबनिसाशी बोलायचं होतं. मग हिशेबनीस, त्याला स्टोअरकीपरने काय विचारलं ते विचारायचं होतं. एका इमारतीत, एका जिन्याच्या अंतरावर बसलेली माणसं पाच मैलांवरच्या माझ्या घरून एकमेकांशी बोलत होती. दुपारी मी अंघोळीला गेलो (सकाळी वेळ कुठला?) तर बायको दार वाजवत म्हणाली, “अहो, ट्रक परत आलाय. सोडायचा का?”

“सोड!” मी साबणाच्या फेसातून ओरडलो. तो ट्रक आमचा नव्हताच, हे नंतर कळलं.

संध्याकाळी समोरचे काका आले. काका दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेत आणि आपल्याशिवाय खातं कसं चाललंय याचं त्यांना अजून नवल वाटतं. माझी दशा बघून त्यांना आनंदच झाला. “तुझं मूळच चुकलंय,” ते म्हणाले. “तू बोलत असताना दुसरा फोन आला तर काय? हुकला ना? मग असं कर. तुझा मोबाईल बिझी असला की आलेला फोन परत ऑफिसला जाईल असं सेटिंग लाव. त्यांचं त्यांना परत. कसं?”

इतकं न्यायाचं वाटलं मला ते! काकांनी स्वतःच्या हाताने सेटिंग लावलं.

मंगळवारी सकाळी पहिलं गिऱ्हाईक माझ्याशी बोलत असताना दुसऱ्याचा फोन आला. मी बिझी, म्हणून तो ऑफिसला परत गेला. ऑफिसच्या डब्याने नियमाप्रमाणे तो माझ्याकडे पाठवला. मी बिझी, म्हणून तो परत ऑफिसला. डब्याने पुन्हा माझ्याकडे. अशा फेऱ्या मारत त्या एकट्या माणसाने कंपनीच्या चारही लाइनी अडवल्या आणि मला त्याचा पत्ताच नाही. माझा मोबाईल गप्प. मी निवांत पेपर वाचला. कोडंसुद्धा सोडवलं. तिकडे मालकांनी परीक्षा घ्यायची म्हणून बाहेरून ऑफिसचा नंबर लावला तर दीड तास बिझी. त्यांना आधी वाटलं धंद्याला बरकत आली. मग त्यांनी साडेतीनला बोलावलं.

साडेतीन साडेतीनला पोचला आणि त्याने तिथून मला फोन केला. “काका,” तो म्हणाला (कालपर्यंत मी साहेब होतो), “तुम्ही फोनला गोल गोल फिरवताय. हा उद्योग कोणी सांगितला?” आता दूरध्वनी खात्याची अब्रू माझ्या हातात होती. मी ती राखली आणि बोलणी स्वतः खाल्ली. त्याने आतले फोन आत ठेवले, ते गोल फिरणं बंद केलं, आणि नंबर बदलायची गरज पडली तर डब्यापर्यंत यायला नको म्हणून माझ्या मोबाईलवर एक ऍप टाकून दिलं. मालकांनी मात्र बजावलं, “मंगळवार मी धरत नाही. पण बुधवारी एक जरी हुकला ना...”

बायको बॅगेशेजारी उभी राहून हे ऐकत होती. बॅगेची चेन तिने एकदा उघडली आणि परत लावली. मला फार वाईट वाटलं.

रात्रीच्या जेवणाआधी काका पुन्हा हजर. कालचं त्यांना आठवत नव्हतं. “एकाच मोबाईलवर विसंबू नकोस. घरातले सगळे नंबर टाक. सगळे एकदम वाजतील, जो आधी उचलेल त्याचा फोन.” हे ऍपवर खरंच होत होतं. मी माझा टाकला, बायकोचा टाकला, आणि रकान्यात जागा उरली होती म्हणून सासूबाईंचा टाकला. सासूबाई आमच्याकडेच राहतात. त्यांना फोन येतो तो फक्त त्यांच्या बहिणीचा, महिन्यातून दोनदा. त्यामुळे मोबाईल त्यांच्या मांडीवरून हलत नाही, हे मला ध्यानात घ्यायला हवं होतं.

बुधवारी नऊ वाजता मी टेबलाशी बसलो. तिन्ही मोबाईल एकदम ठणाणले. माझा हात पोचेपर्यंत वाजायचे थांबले. पुन्हा ठणाणले, पुन्हा थांबले. मला वाटलं, लोक लावून ठेवून देतायत. अकराच्या सुमाराला मी पाणी प्यायला उठलो तेव्हा आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला.

“अर्ध्यात अडकलंय? म्हणजे कितपत उघडंय? कमरेएवढं? मग वाकून जा की आत. वय काय तुमचं? बत्तीस! आणि वाकता येत नाही? ... बरं, कुठून घासतंय, डावीकडून? तिथे मेणबत्ती घासा आणि दोघांनी मिळून उचला. एकट्याने उचललंत तर तिरकं होईल. झालं? बघा. माणूस कशाला पाठवायचा त्याला? ठेवा.”

मी दारात उभा. हातात ग्लास. “आई, हे काय?”

“तुमच्या ऑफिसचे फोन. तुम्ही उचलत नव्हतात म्हणून मी घेतले. चौदा झाले.” त्यांनी वहीसुद्धा केली होती. नाव, पत्ता, तक्रार, आणि शेवटच्या रकान्यात माणूस कसा वाटला ते. ‘भला आहे’, ‘तोंडाळ’, ‘घाई फार’.

“आणि आई, मार्केटच्या इमारतीचे कोणी खरेदी अधिकारी...”

“आले ना. साडेनऊला. फारच शिस्तीचे गृहस्थ. चाळीस शटरं किती दिवसांत द्याल विचारत होते.”

“मग?” माझा आवाज मलाच लांबून ऐकू आला.

“मग काय? खरं ते सांगितलं. तुम्हीच नाही का रोज घरी येऊन सांगत, की पंधरा दिवस सांगायचे आणि दीड महिना लावायचा? मी म्हटलं, तुम्ही दीड महिनाच धरा, म्हणजे मनस्ताप नको.”

मी खाली बसलो. खुर्ची होती म्हणून खुर्चीवर बसलो, नाहीतर कुठेही बसलो असतो. रजा गेली, समुद्र गेला, नोकरी गेली, बायकोही बहुतेक गेली. बायकोने हे सगळं ऐकलं आणि पदराने डोळे पुसत ती हसायलाच लागली. ती हसतेय की रडतेय हे मी विचारलं नाही. तेवढ्यात मालकांचा फोन आला, तोही सासूबाईंनीच उचलला आणि “थांबा, जावयांना देते” म्हणून माझ्या हातात दिला.

“ऑर्डर मिळाली,” मालक म्हणाले. त्यांचा स्वर चोरी पकडली गेल्यासारखा होता. “खरेदी अधिकारी स्वतः येऊन म्हणाले, याआधी नऊ कंपन्यांना विचारलं, नवांनीही पंधरा दिवस सांगितले. खरं बोलणारी एकच बाई भेटली. कोण आहेत हो त्या?”

मी सांगितलं.

“तुमची रजा मंजूर,” मालक म्हणाले. “पण फोन बाईंकडेच राहू द्या.”

बाईंची म्हणजे सासूबाईंची हरकत नव्हती. फक्त एक अट होती. “मी इथे एकटी बसून तुमची शटरं सांभाळायची आणि तुम्ही दोघं पाणी बघायचं, हे मला जमणार नाही. समुद्र मीसुद्धा पाहिलेला नाही.”

बायकोने बॅग उघडली आणि आईच्या कपड्यांसाठी माझे दोन शर्ट बाहेर काढले.

खोली छान होती. खिडकीतून खरंच पाणी दिसत होतं. पण आम्हाला दिसत नव्हतं, कारण मोबाईलची रेंज फक्त खिडकीपाशी होती आणि तिथे खुर्ची टाकून सासूबाई बसल्या होत्या. गुरुवारी संध्याकाळी नऊ फोन. शुक्रवारी सकाळी, चहा यायच्या आधी, सहा. सासूबाई बोलत आणि मला खुणेने वही दाखवत. “लिहा, जावईबापू. पत्ता लिहा. पिन कोड राहिला.” बावीस वर्षं मी हेडक्लार्क होतो. समुद्रकाठी येऊन मी सासूबाईंचा क्लार्क झालो. एका गिऱ्हाइकाने तर माझा आवाज ऐकून “तुम्ही नको, बाईंना द्या” असं मला तोंडावर सांगितलं.

आणि बायको सकाळी सातपासून चपला घालून पलंगाच्या कडेवर बसली होती. आता निघू, एवढा फोन झाला की निघू, असं मी तिला तीनदा सांगितलं होतं. दहा वाजले.

ती उठली. “तुमचा मोबाईल द्या.”

“अगं, पण...”

“एकोणीस वर्षं मी तुमची वाट बघितली. आधी ऑफिस सुटायची, मग ऑफिस विसरायची. इथे आले तर ऑफिस खिडकीत येऊन बसलंय. आई चालेल मला. आईचं मला काही नाही. पण शटर नको.” तिने माझ्या चपला पायाने पुढे सरकवल्या. “मला तुमच्याबरोबर पाण्यात पाय बुडवायचेत. एवढंच हवंय. जमत असेल तर चला, नाहीतर नाही म्हणा एकदा.”

मी मोबाईल दिला. तिने ऍप उघडलं, आईचा नंबर खोडला आणि त्या जागी मालकांचा टाकला.

“नोकरी जाईल गं माझी,” मी म्हणालो.

“तुमचा आणि माझाही खोडलाय,” ती म्हणाली. “आता चपला घाला.”

खिडकीपाशी शांतता झाली. पाच मिनिटांनी सासूबाईंनी मोबाईल उलटसुलट करून बघितला. “बॅटरी गेली का गं?”

“नाही, आई. फोन सगळे मालकांकडे गेले.”

सासूबाईंनी थोडा विचार केला. वही मिटली. मग त्यांनी पहिल्यांदाच मान वळवून खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाल्या, “अगंबाई, हे एवढं मोठं असतं?”

तो शुक्रवार आम्ही पाण्यात काढला. बायको लाट आली की माझा दंड धरायची आणि लाट गेली तरी सोडायची नाही. मला आवडलं, सांगायला लाज कसली. पण दर दहा मिनिटांनी मी खिशातला मोबाईल चाचपायचो. आता मालकांना चहाच्या वेळी पहिला फोन आला असेल. आता अर्ध्यात अडकलेलं कोणीतरी ओरडत असेल. ज्या माणसाने तीस वर्षांत गिऱ्हाइकाचा एकही फोन उचललेला नाही, त्याच्या कानाशी अख्ख्या शहराची शटरं खडखडत असणार. मी मनातल्या मनात राजीनाम्याचा मसुदा करून ठेवला. चांगला झाला होता.

शनिवारी दुपारी चार वाजता वाळूत बसलेलो असताना मोबाईल वाजला. मालक. मी उभा राहिलो. त्यांच्याशी मला बसून बोलताच येत नाही.

“साहेब, मी खुलासा...”

“खुलासा राहू द्या तुमचा!” मालकांचा आवाज बसला होता. “दीड दिवसात शंभरावर फोन झाले. एकजण माझं ऐकायला तयार नाही. सगळ्यांना बाई पाहिजेत. आत्ता एक दुकानदार दुसऱ्या लाइनवर आहे. म्हणतो, बाई सांगतील तेच करीन. आहेत का त्या? द्या, द्या लवकर.”

दीड दिवस मी नोकरी जाण्याची वाट बघत होतो, आणि मालकांना मी नकोच होतो. रागवायलासुद्धा नको होतो. हे मात्र मला लागलं.

सासूबाई पुढे उभ्या होत्या, घोट्यापर्यंत पाण्यात, लेकीचा हात धरून. मी मोबाईलवर हात ठेवून हाक मारली, “आई, मालकांचा फोन आहे. तुम्हाला बोलावतायत.”

त्या वळल्यासुद्धा नाहीत. “त्यांना सांगा, मी रजेवर आहे.”

“असं कसं सांगू, आई? रजेला अर्ज लागतो. मंजुरी लागते.”

“मग करा की मंजूर. तुम्ही हेडक्लार्क आहात ना?”

बायको मागे वळून माझ्याकडे बघत होती. बावीस वर्षं मी लोकांच्या रजेचे अर्ज सही करून वर पाठवले होते. मंजूर एकही केला नव्हता; तो अधिकार माझा नव्हता. मी मोबाईल कानाला लावला.

“साहेब, त्या रजेवर आहेत.”

“रजेवर?” मालक किंचाळले. “कोणी दिली त्यांना रजा?”

“मी,” मी म्हणालो, फोन बंद केला आणि पाण्याकडे चालायला लागलो.